आत्याबाईंचं वजन

१७ जानेवारी, शुक्रवार

पाचशे एकतीस किलो!

इन्स्पेक्टरना म्हटलं, तराजू नीट बसले नसतील, पुन्हा बघा. दोन चाकांखाली दोन आणि शेपटीखाली एक, असे तीन तराजू. त्यांनी तिन्ही काढले, फडक्यानं पुसले, पुन्हा लावले. पुन्हा पाचशे एकतीस. असायला हवं होतं पाचशे नऊ. बावीस किलो जास्त! माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आत्याबाई म्हणजे आमचं विमान. वय ऐंशीच्या पुढे. एकावर एक असे दुहेरी पंख, लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि एकामागे एक दोन उघड्या सीटा. आत्याबाई नाव अशासाठी की थंडीत कुरकुरतात, उन्हात तापतात आणि मानपान केल्याशिवाय जागच्या हलत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी एका गोदामात कोंबड्यांच्या खुराड्यामागे मोडून पडलेल्या सापडल्या. तेव्हापासून मी आणि साडू अर्धे-अर्धे मालक. माझ्या बायकोची, म्हणजे हिची, मोठी बहीण, ताई, ही त्यांची बायको. साडूंचा फर्निचरचा कारखाना होता, आता निवृत्त. पंखांच्या सगळ्या फासळ्या त्यांनी स्वतःच्या हातानं घडवल्या. मी दातांचा डॉक्टर. दात बघायचा आरसा इंजिनाच्या पोटात घालून बघणारा मी एकटाच असेन. आणि कापडावरचा रंग माझ्याकडे होता.

तोच नडला. नऊ वर्षं एकच बेत होता — कागदपत्रं मिळाली की पहिलं उड्डाण दोघांनी मिळून. एकानं मागच्या सीटवरून चालवायचं, दुसऱ्यानं पुढे बसायचं. मग अदलाबदल. आज कागदपत्रं मिळाली, पण इन्स्पेक्टरनी आत एक पाटी चिकटवली : ‘दोघांचं मिळून वजन १३६ किलोपेक्षा जास्त नको.’ साडू ब्याऐंशी, मी शहात्तर. म्हणजे एका वेळी एकानंच उडायचं.

“एवढं वजन आलं कुठून?” इन्स्पेक्टर म्हणाले. मी छताकडे बघत राहिलो. साडूंनी खिशातून चाकू काढला, पंखाच्या आतल्या कडेचा रंगाचा टवका उडवला, नाकाशी धरला आणि नखानं थर मोजले. ठरले होते रंगाचे तीन हात.

“नऊ,” म्हणाले.

काय करू? तिसऱ्या हातानंतर छान दिसत होतं. चौथ्यानंतर त्यात माझा चेहरा दिसायला लागला. मग थांबणार कोण!

“डॉक्टर, तुम्ही कमाल केलीत,” एवढंच बोलले आणि गेले. तुम्ही! सव्वीस वर्षं मला अरे-तुरे करणारा माणूस.

१८ जानेवारी, शनिवार

वाटण्या झाल्या. शनिवार माझा, रविवार त्यांचा. हेही साडूंनी थेट सांगितलं नाही. त्यांनी ताईंना सांगितलं, ताईंनी हिला, हिनं मला चहा देताना. दोन बहिणींचा फोन सकाळी पाऊण तास चालला होता. त्यात आमचं प्रकरण दोन मिनिटं, बाकी पडद्यांचं कापड.

पण आत्याबाईंना स्टार्टर नाही! एकानं आत बसून स्विच सांभाळायचा, दुसऱ्यानं पुढे उभं राहून पंखा हातानं फिरवायचा. त्यामुळे अबोला असो नाहीतर काही असो, एकमेकांशिवाय कुणाचंच पान हलत नाही. साडू आठच्या ठोक्याला हजर. माझ्याकडे न बघता चाकांखाली ठोकळे लावले, पंख्यासमोर उभे राहिले.

“स्विच बंद?”

“स्विच बंद.”

चार वेळा पंखा ओढला.

“कॉन्टॅक्ट?”

“कॉन्टॅक्ट,” म्हणत मी स्विच चालू केला.

पाचव्या झटक्याला इंजिन लागलं. दिवसभरातलं आमचं संभाषण एवढंच.

उडालो. नऊ वर्षांनी! धावपट्टीवरचं गवत मागे पडलं, चाकांची खडखड थांबली आणि आत्याबाई अलगद वर. तारांतून वारा वाजत होता. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं म्हणू या. पण समोरची सीट रिकामी. तिचा पट्टा फडफडू नये म्हणून आवळून बांधला होता. तिथे साडूंचं टक्कल दिसेल असं मी नऊ वर्षं धरून चाललो होतो. वीस मिनिटांत उतरलो.

१९ जानेवारी, रविवार

त्यांचा वार. मी पंखा फिरवला. साडू मागच्या सीटवर बसले, इंजिन दहा-बारा मिनिटं चालवलं, घड्याळं बघितली, इंजिन बंद केलं, उतरले.

“वारा आहे,” हवेकडे बघत म्हणाले. मला नाही, हवेला.

वारा! वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला मेल्यासारखी लोंबत होती.

२१ जानेवारी, मंगळवार

आज एका पेशंटला फैलावर घेतलं. दिवसातून पाच वेळा घासून घासून दातांचं वरचं कवच झिजवलंय बाईंनी. “चमक पुरे करा, दात राहू द्या,” म्हटलं. नंतर हात धुताना आरशात स्वतःकडे बघवेना.

२६ जानेवारी, रविवार

आज म्हणे इंजिनाचा आवाज बरोबर नाही. मी कान देऊन ऐकला. इतका सुरेल आवाज आत्याबाईंनी नऊ वर्षांत काढला नव्हता. त्यांनी पुन्हा बारा मिनिटं चालवलं, खाली उतरून पंख्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

मी मुकाट्यानं ठोकळे उचलले.

२ फेब्रुवारी, रविवार

आज धुकं. होतं, अगदीच नव्हतं असं नाही. पण दहाला विरलं, तरी हे बसून. सव्वादहाला घरी.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा निषेध आहे! ‘तू रंग चोपडून जड केलेल्या विमानात मी पाय वर उचलणार नाही’ — हे मला दर रविवारी इंजिन लावून ऐकवायचं. सुतार लोक मनात ठेवतात. एकदा खिळा ठोकला की ठोकला.

तर मग मीही कमी नाही. पुढच्या शनिवारी दीड तास उडणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

पस्तीस मिनिटं उडालो. एकट्याला मजाच येत नाही. खाली नदीच्या वळणावर बगळ्यांचा थवा उठला, मी “बघा, बघा!” म्हणून ओरडलो. कुणाला, तर रिकाम्या सीटला.

उतरलो तर साडू ठोकळे घेऊन उभेच. पस्तीस मिनिटं तिथेच उभे होते वाटतं. चेहरा मख्ख.

९ फेब्रुवारी, रविवार

आज कारणसुद्धा दिलं नाही. बारा मिनिटं आणि बंद. मी मूठ आवळून घरी आलो आणि हिच्यावर चिडलो.

ही म्हणाली, “तुमचं दोघांचं वय किती? चौथीतल्या मुली बऱ्या. त्या निदान मधल्या सुट्टीत बोलतात.”

“त्यांना सांग.”

“कुणाला? भावोजी ताईशीसुद्धा धड बोलत नाहीयेत. नुसते खिडकीत बसतात. तुम्ही माफी मागितलीत?”

नाही मागितली. मागायची होती. पण त्या ‘तुम्ही’नं जीभच अडकली. सव्वीस वर्षांपूर्वी लग्नाच्या दिवशी हाच माणूस माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, “घाबरू नकोस, या घरात मी आधीपासून आहे.” मला सख्खा भाऊ नाही. मला हा माणूस परत हवाय, बस. हे इथे लिहितोय, बाहेर कुणाला सांगणार नाही.

ही जाता जाता म्हणाली, “बावीस किलोच ना? दोघं मिळून कमी व्हा की. पोटं बघितली आहेत का आपापली?”

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रात्री सूप आणि काकडी. कुणाला सांगायचं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हिनं ताईंना सांगितलं. ताईंनी सांगितलं, “आमच्याकडेही पंधरा दिवस तेच चाललंय. विचारलं तर म्हणतात, भूक नाही.”

पंधरा दिवस! म्हणजे माझ्याही आधीपासून. निषेध करणारा माणूस जेवण कशाला कमी करेल? मला काही कळेनासं झालंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वैमानिकाची वैद्यकीय तपासणी होती. साठीनंतर दरवर्षी द्यावी लागते. ती पास झाली तरच एकट्यानं उडायची परवानगी. डॉक्टरांसमोर आ करून बसायची पाळी माझ्यावर आली की मला घाम फुटतो. पेशंट मंडळींनी बघायला हवं होतं. रक्तदाब दोनदा घ्यावा लागला. पास! वजन चौऱ्याहत्तर. “छान, असंच चालू द्या,” म्हणाले. जीव भांड्यात पडला.

पण काकडीनं दोन किलो गेले. साडूंचेही दोनेक जातील. बावीसपर्यंत पोचायला आम्हाला हवेत तरंगावं लागेल. बाकीचं वजन जिथून आलंय तिथूनच काढायला हवं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज उडालो नाही. साडू पंख्यासमोर उभे राहिले, मी सीटवर चढलोच नाही. बादलीत पाणी घेतलं, बारीक पॉलिश पेपर भिजवला आणि वरच्या डाव्या पंखावर घासायला सुरुवात केली. माझा तो मोतिया रंग! माझ्या चेहऱ्याचं प्रतिबिंब! पहिल्या दहा मिनिटांत त्याचं दूध होऊन गळायला लागलं.

साडू बघत राहिले. मग गेले. ठोकळे आपटून ठेवायचे ते आज हळू ठेवले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखाना चारला बंद, साडेचारला हँगर. दोन संध्याकाळी घासून पंखाचा एक कोपरा झाला. असे चार पंख, तेही वरून-खालून, शिवाय अंग आणि शेपूट. खांदे भरून आलेत. सकाळी एका आजोबांची दाढ काढताना मनगट चोळत थांबलो, तर तेच मला धीर द्यायला लागले, “सावकाश डॉक्टर, घाई नाही.”

२० फेब्रुवारी, गुरुवार

फाडलं.

फासळीच्या कडेवर कापड उंच असतं, तिथे जोर लावायचा नाही, हे शेंबड्या पोराला कळेल. मला कळतं. तरी हात चालत राहिला, आणि ‘टर्रर्र’ झालं. वीतभर. आतली फासळी दिसली. साडूंची फासळी, गुळगुळीत, पेन्सिलनं नंबर घातलेली. मी खाली बसलो.

फाटलं म्हणजे उडणं बंद. दुरुस्त करून इन्स्पेक्टरना दाखवेपर्यंत आत्याबाई जमिनीवर. त्यांचा रविवारही मीच घालवला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोन लावला. पाच आठवड्यांत पहिला.

“फाडलं मी,” म्हटलं. “कापड फाडलं. आणि नऊ हात दिले त्याबद्दलही चुकलं माझं. मला वाटलं चांगलं दिसेल. मी मूर्ख आहे.”

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“वर आहे की खाली?”

“वरचा डावा. सहावी फासळी.”

“हात लावू नकोस. आलो.”

लावू नकोस! नकोस!

घरातल्या चपला घालूनच आले. वाकून जखम बघितली, डोळे बारीक करून, अगदी नाक टेकवून. मग जुन्या कापडाचा तुकडा, मेणाचा दोरा आणि वाकडी सुई माझ्या हातात दिली. “शिव. तुला टाके घालता येतात.”

आयुष्यात कितीतरी हिरड्या शिवल्या, पण असा घाम कधी फुटला नव्हता. एकवीस टाके. ते बोटानं चाचपत होते. “बरे आहेत,” म्हणाले.

मग त्यांनी दुसरा पॉलिश पेपर भिजवला आणि उजव्या पंखाकडे गेले. अंधार पडेपर्यंत दोन्हीकडून खसखस चालली होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खसखस.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साडू बोलतात आता. विषय एकच. “पाणी बदल.” “पेपर बोथट झालाय.” “तुझ्या बाजूला अजून दोन थर आहेत.” मी विचारलं, “डोळ्यांनी न बघता कसं कळतं?” म्हणाले, “हातानं जास्त कळतं.”

विचारायचं होतं, रविवारी उडत का नव्हता? निषेधच होता ना? पण गाडी आत्ता कुठे रुळावर येतेय, उगाच कशाला, म्हणून गप्प बसलो.

ताई डबा घेऊन आल्या होत्या. उघडला तर काकडी. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्यानं खाल्ली.

२ मार्च, रविवार

संपलं घासणं. आत्याबाई फिक्या, चट्ट्याचट्ट्यांच्या, काही ठिकाणी कापडाची वीण दिसतेय. कुणी म्हणेल आजारातून उठल्यात. कुठे तीन थर शिल्लक, कुठे सहा; आणखी घासलं तर कापडच जाईल. एके काळी मला यांत दात पांढरे दिसायचे!

वजन अजून कमी व्हायला हवं म्हणून मी सीटांच्या चामडी गाद्या काढल्या, पातळ बसवल्या. साडूंनी हत्यारांची पेटी बाहेर काढली. आत एक जुनी लोखंडी ऐरण निघाली.

“ही कधीपासून?”

“मला वाटलं तुझी आहे.”

“मला वाटलं तुमची.”

चार किलोची ऐरण! वजन करताना ती आतच होती म्हणजे. म्हणजे सगळं पाप माझंच नाही! मी हे बोलून दाखवलं. साडू म्हणाले, “उरलेले अठरा तुझेच.” पण हसले. सहा आठवड्यांनी दात दिसले त्यांचे. खालचा डावीकडचा बघायला हवा एकदा.

७ मार्च, शुक्रवार

इन्स्पेक्टर आले. आधी माझे टाके बघितले. भिंग घेऊन. “कुणी शिवलं?” “डॉक्टरनी,” साडू म्हणाले. इन्स्पेक्टर मान हलवत म्हणाले, “माझी एक दाढ दुखतेय, येतो तुमच्याकडे.” मी म्हटलं, या, सुई तीच वापरणार नाही.

मग तराजू. तिन्ही काटे थांबेपर्यंत मी श्वास घेतला नाही. पाचशे पंधरा! म्हणजे दोघांचं मिळून एकशे बावन्न चालेल.

“आता तुम्ही. बूट, जॅकेट, टोपीसकट,” इन्स्पेक्टर म्हणाले. अरे देवा, बूट! मी धरून चाललो होतो की अनवाणी. मी बाहत्तर. साडू तराजूवर चढले आणि काटा बघायला वाकलेसुद्धा नाहीत. डोळे मिटून उभे. इन्स्पेक्टर म्हणाले, “एकोणऐंशी.”

एकशे एक्कावन्न. एक किलो शिल्लक!

जुनी पाटी काढून नवी लावली. साडूंनी रुमालानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत होते. मी म्हटलं, अहो, एवढं काय, विमानच आहे. तर म्हणाले, “उद्या नाश्ता करून येऊ नकोस.”

८ मार्च, शनिवार

आजचं लिहायचं की नाही असं वाटतंय. पण इथे कोण वाचणार आहे.

सकाळी आठ. दोघींना घेऊन गेलो. गाडीत चहा पीत बसल्या. साडू पुढच्या सीटवर चढले. मी म्हटलं, पहिली पाळी तुमची, मागे बसा, चालवा. “नको, तू,” म्हणाले. मोठा माणूस मोठाच. मी मागे बसलो. पट्टे बांधले. टोप्या, चष्मे. नऊ वर्षं डोळ्यांसमोर आणलेलं दृश्य — समोर साडूंचं डोकं, टोपीतून बाहेर आलेले दोन कान. छाती भरून आली. स्विचवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

“स्विच बंद!”

उत्तर नाही.

“स्विच बंद, म्हटलं!”

साडूंनी सावकाश मान वळवली. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग दोघांनी समोर बघितलं. पंख्यापुढे कुणी नव्हतं. कोण असणार? दोघंही आत!

नऊ वर्षं. एक इंजिन पाच वेळा उघडून बसवलं, फासळ्या कोरल्या, किलो-किलो मोजला, काकड्या खाल्ल्या. आणि दोघंही आत बसल्यावर पंखा फिरवणार कोण, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! साडू आधी हसले. खांदे हलायला लागले, मग मी. पट्टे आवळलेले, त्यामुळे धड हसताही येईना. त्या दोघी गाडीतून धावत आल्या. त्यांना वाटलं काहीतरी झालंय.

ही म्हणाली, “मी नाही हं त्या पात्यापुढे उभी राहणार.” पण ताई साडी खोचून पुढे आल्या. पस्तीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवलाय. “दाखवा काय करायचं. मलाच करायला लागणार आहे.”

आज उड्डाण रद्द. नवख्या माणसाला इंजिन लावायला देत नाहीत. साडू खाली उतरले आणि स्विच बंद ठेवून बायकोला धडे. पाय कुठे, हात कुठे, ओढून लगेच मागे. पन्नास वेळा. ताई मोजत होत्या, “एक-दोन, मागे! एक-दोन, मागे!” साडू ओरडत होते, “कवायत नाही ही!” पुढच्या शनिवारी नक्की.

१५ मार्च, शनिवार

उडालो!

ताईंनी तिसऱ्या झटक्याला इंजिन लावलं आणि शर्यत जिंकल्यासारखे दोन्ही हात वर केले. ही लांब उभी राहून डोळ्यांवर हात. ठोकळे काढले, गवतावरून धावलो. दोघं असल्यावर आत्याबाई जरा आढेवेढे घेतात, धावपट्टी संपते की काय असं वाटेपर्यंत खालीच. मग उठल्या.

साडूंनी पूर्ण वेळ एक हात बाहेर काढून वाऱ्यात धरला होता. मधूनच तो पंखाच्या तारेवर ठेवत होते. नदीवर पोचल्यावर मी बोलायच्या नळीत ओरडलो, “पुढेही चालवायचा दांडा आहे, घ्या तुम्ही!” त्यांनी दांड्याला हात लावला. एक क्षणच. आत्याबाई त्यांच्या हातात किंचित डावीकडे कलल्या. मग त्यांनी हात काढला. नळीतून आवाज आला, “तू चालव. खाली काय काय दिसतंय ते सांग मला.”

मग मी सांगत गेलो. नदी, बगळे, एका गच्चीवर वाळत घातलेल्या लाल चादरी, आमच्या सावलीमागे धावणारं कुत्रं. पन्नास मिनिटं माझी बडबड. ते मधूनच विचारत, “मग?” घसा बसलाय माझा. उतरल्यावर साडू बराच वेळ सीटवरून उठले नाहीत. नऊ वर्षांत असा दिवस नव्हता.

१६ मार्च, रविवार

आज त्यांचा वार. मी पंखा फिरवायला गेलो तर साडू पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसलेले, ताई पंख्यापुढे तयार. “अहो, मागे बसा,” म्हटलं. “आज तुमची पाळी.”

“माझी पाळी राहिली नाही रे. डोळे गेले. जानेवारीत तपासणीत नापास केलं, परवाना गेला. त्या तराजूच्या आधी बारा दिवस.”

त्या बाराही दिवसांत हा माणूस एकच गोष्ट धरून होता — निदान याच्या पुढे बसता येईल. आणि मग इन्स्पेक्टरनी पाटी चिकटवली. राग रंगाचा नव्हता. मी रंगाखाली त्यांची शेवटची सीट घालवली होती, आणि वर रविवारी ते जमिनीवर नुसतं इंजिन ऐकत बसायचे, त्याला निषेध म्हणत होतो!

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू मग कीव केली असतीस. भांडलास ते बरं झालं.” मग म्हणाले, “आता तू उडशील तेवढंच माझं उडणं. चढ लवकर, ऊन वाढतंय.”

चष्मा पुसला आणि मागे चढलो.